मौलाना आझाद फेलोशिप : बंद करणारे आणि गप्प बसणारे

८ डिसेंबर २०२२ रोजी लोकसभेत एका प्रश्नाला लेखी उत्तर मिळालं. प्रश्न केरळचे खासदार टी. एन. प्रतापन यांचा होता आणि उत्तर तत्कालीन अल्पसंख्याक मंत्री स्मृती इराणी यांचं. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३पासून बंद, असं त्यात म्हटलं होतं. कारण काय, तर ही योजना उच्च शिक्षणाच्या इतर फेलोशिप योजनांवर ‘ओव्हरलॅप’ होते, आणि त्या योजनांचा लाभ अल्पसंख्याक मुलांना मिळतोच आहे. एवढ्या दोन वाक्यांत विषय संपला.

सच्चर समिती नेमली गेली २००५ साली. तिचा अहवाल नोव्हेंबर २००६मध्ये संसदेत आला. वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवीधर आणि पदविकाधारक मिळून चार टक्केही नाहीत, देशाची सरासरी मात्र सातच्या आसपास आहे, हे त्या अहवालाने आकड्यांनिशी मांडलं. नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुसलमान, पदव्युत्तरला पन्नासामागे एक. शिडी जसजशी वर जाते तसतसा आपला माणूस गळत जातो, हा त्याचा अर्थ. म्हणून शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर टेकू द्यायला २००९ साली ही फेलोशिप सुरू झाली. एम.फिल. आणि पीएच.डी. करणाऱ्या मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि पुढे जैन विद्यार्थ्यांसाठी ती होती.

मंत्र्यांच्याच उत्तरातला आकडा घेऊ. २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ वर्षांत ६,७२२ विद्यार्थी निवडले गेले आणि ७३८.८५ कोटी रुपये वाटले गेले. म्हणजे वर्षाला साधारण ८४० विद्यार्थी आणि ९२ कोटी रुपये. ज्या वर्षी ही योजना बंद झाली त्या वर्षीचा केंद्राचा अर्थसंकल्प ३९ लाख कोटींच्या पुढे होता. लाख रुपयांच्या खर्चात सव्वादोन-अडीच रुपये. एवढी बचत करण्यासाठी देशाने सहा अल्पसंख्याक समाजांच्या संशोधकांना वाऱ्यावर सोडलं. त्यामुळे पैसा वाचवायला योजना बंद केली असं कुणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही, आणि सरकारने तसं म्हटलेलंही नाही. सरकार म्हणालं ‘ओव्हरलॅप’. मग त्या शब्दाचाच हिशेब करू.

ओव्हरलॅप म्हणजे एकाच माणसाच्या ताटात दोनदा वाढणं. फेलोशिपच्या नियमात हे होऊच शकत नाही. एक विद्यार्थी एका वेळी एकच फेलोशिप घेऊ शकतो, आणि तसं हमीपत्र त्याच्याकडून लिहून घेतलं जातं. दुसरं म्हणजे, २०१८नंतर या फेलोशिपची निवड नेट परीक्षेवरच होत होती. त्या परीक्षेला बसलेल्या अल्पसंख्याक मुलांची वेगळी गुणवत्ता यादी लागायची. ज्यांना यूजीसीची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप थोडक्यात हुकली, ते या यादीत यायचे. म्हणजे ज्यांच्या ताटात दुसरीकडून काही पडलं नाही, त्यांच्यासाठीच ही पंगत होती. तिला ‘दुबार’ म्हणणं ही शुद्ध दिशाभूल आहे.

तिसरी गोष्ट. इतर योजनांचा लाभ अल्पसंख्याकांना मिळतोच, असं म्हटलं गेलं. कोणत्या योजनांचा? अनुसूचित जातींची राष्ट्रीय फेलोशिप मुसलमानाला मिळू शकत नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधला. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले, मुसलमान आणि ख्रिश्चन आजही बाहेर आहेत. ओबीसींची राष्ट्रीय फेलोशिप आहे, तिच्यात देशभरासाठी १,००० जागा. त्यात मुस्लिम ओबीसीला जागा आहे, पण ती कागदावर. कागद कसा मिळतो ते पुढे सांगतो. आर्थिक दुर्बल घटकाचा दहा टक्के कोटा आहे, पण त्यात सगळ्या खुल्या प्रवर्गाची गर्दी आहे. पंतप्रधान रिसर्च फेलोशिप आयआयटी, आयआयएससी आणि तशाच निवडक संस्थांसाठी आहे. आणि नेट नसलेल्या संशोधकाला महिना ८,००० रुपये देणारी नॉन-नेट फेलोशिप फक्त केंद्रीय विद्यापीठांत मिळते.

आता सातारा आणि सांगलीकडे या. या दोन जिल्ह्यांतला मुलगा किंवा मुलगी पीएच.डी.ला जाते ती बहुतेक वेळा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात. १९६२ साली स्थापन झालेलं हे राज्य विद्यापीठ आहे, केंद्रीय नाही. त्यामुळे दिल्ली किंवा हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातल्या मुलाला जे तुटपुंजे आठ हजार मिळतात, तेही आमच्या जतच्या, विट्याच्या, पाटणच्या मुलाला मिळत नाहीत. त्याच्यापुढे रस्ता एकच, जेआरएफ. ती हुकली की खिशातून शिका.

मी मिरजेत राहतो. गेली काही वर्षं रविवारी सकाळी पदव्युत्तर मुलांचे अर्ज भरून द्यायला बसतो. त्यामुळे ही मुलं मला आकड्यांत दिसत नाहीत, माणसांत दिसतात. कराडकडच्या एका मुलीचे वडील बेकरीत भट्टीवर आहेत. मुलगी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., पहिल्या वर्गात. नेट झाली, जेआरएफ थोडक्यात हुकली. २०२१ साली हे झालं असतं तर तिला मौलाना आझादच्या यादीची आशा धरता आली असती. ती झाली त्या वर्षी यादीच नव्हती. घरच्यांनी एक वर्ष वाट पाहिली, मग लग्न लावून दिलं. मला त्या बापाचा राग येत नाही. हातात महिना तीस हजारांची फेलोशिप घेऊन आलेली मुलगी घरात असती तर त्याच बापाने येणाऱ्या स्थळांना ‘दोन वर्षं थांबा’ म्हणून सांगितलं असतं. या योजनेत मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव होत्या. त्या जागा म्हणजे मुलीच्या बाजूने बापाशी बोलणारा एक वकील होता, आणि तोच सरकारने काढून घेतला.

दुसरा मुलगा आटपाडीकडचा. इतिहासात पीएच.डी.ला नाव नोंदवलं आहे. सकाळी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो, संध्याकाळी मेडिकल दुकानात बसतो. तासिकेचे पैसे वर्षाच्या शेवटी कधीतरी येतात. कागदपत्रं पाहायला पुण्याच्या पुराभिलेखागारात जायचं तर दुकानातली रजा आणि एसटीचं भाडं यांचा मेळ घालावा लागतो. पाच वर्षांत त्याचा एक अध्याय झाला आहे. उद्या कुणी म्हणेल, या मुलांच्यात संशोधनाची चिकाटी नाही. चिकाटी कशाला म्हणतात ते त्याला दुकानाचं शटर ओढताना पाहून समजेल.

ज्यांची फेलोशिप आधीच सुरू होती त्यांचे हाल वेगळे. जानेवारी २०२३पासून यूजीसीची जेआरएफ ३१,००० वरून ३७,००० झाली, पण मौलाना आझादच्या मुलांना ती वाढ लगेच मिळाली नाही. २०२५मध्ये तर महिनोन्महिने पैसेच आले नाहीत. प्रबंधाच्या शेवटच्या वर्षात, घरभाडं थकलेलं असताना, देशातले संशोधक मंत्रालयाला पत्रं लिहीत बसले.

आणि ही एकटी योजना गेली नाही. त्याच सुमाराला मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद झाली, परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज सवलत देणारी ‘पढो परदेस’ गेली, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये १९८९ सालचं मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन गुंडाळण्याचा आदेश निघाला. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या ‘मेरिट-कम-मीन्स’ शिष्यवृत्तीची तरतूद २०२२-२३च्या ३६५ कोटींवरून पुढच्या वर्षी ४४ कोटींवर आली. पहिलीपासून पीएच.डी.पर्यंत शिडीची एकेक पायरी काढली गेली. तिकडे उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत काय दिसतं? २०१९-२०मध्ये उच्च शिक्षणात २१ लाख मुस्लिम विद्यार्थी होते, २०२०-२१मध्ये ते १९ लाख २१ हजारांवर आले. लोकसंख्येत १४ टक्के आणि महाविद्यालयांत साडेचार टक्क्यांच्या आसपास. हे आकडे सरकारचेच आहेत. तापमापीत ताप वाढलेला दिसतो आहे, आणि डॉक्टर औषध बंद करतो आहे.

यावर एक उत्तर हमखास मिळतं: शिष्यवृत्त्यांत घोटाळे होते. होते, आणि ते लपवण्याचं कारण नाही. २०२३ साली मंत्रालयाने केलेल्या तपासणीत १,५७२ संस्थांपैकी ८३० बोगस किंवा बंद निघाल्या, सुमारे १४४ कोटींचा अपहार झाला, प्रकरण सीबीआयकडे गेलं. त्या संस्थाचालकांत आपले ‘मिल्लतचे खिदमतगार’ असतील तर त्यांना दुप्पट शिक्षा व्हावी, कारण त्यांनी गरिबाच्या पोराच्या तोंडचा घास पळवला. पण आपल्याकडे म्हण आहे, रोग म्हशीला आणि औषध पखालीला. चोरी संस्थाचालकाने आणि बँक खाती उघडून देणाऱ्याने केली, शिक्षा विद्यार्थ्याला झाली. शिवाय हा घोटाळा इतर शिष्यवृत्त्यांतला होता. मौलाना आझाद फेलोशिप नेटच्या गुणांवर आणि विद्यापीठाच्या नोंदणीवर मिळत होती. ती बंद करताना मंत्र्यांनी घोटाळ्याचं कारण दिलंही नव्हतं.

आता कागदाची गोष्ट. ‘तुम्ही ओबीसीतून घ्या’ असा सल्ला अनेक भले लोक देतात. सल्ला बरोबर आहे. दक्षिण महाराष्ट्रातले आम्ही बहुसंख्य मुसलमान बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, मुलाणी अशा कारागीर आणि बलुतेदार जमातींतले आहोत. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमारसारखा माणूस तिच्यासाठी गावोगाव सभांना गेला, आणि १९९४मध्ये राज्य सरकारने त्या मागणीची दखल घेऊन निर्णय काढला. ही मोठी कमाई आहे. पण ओबीसीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला काढला की जातीच्या रकान्यात एकच शब्द असतो: ‘मुसलमान’. गुरुजींनी विचारलं नाही, पणजोबांनी सांगितलं नाही. आयुष्यभर फळं विकली, गाव ‘बागवानाचं घर’ म्हणत आलं, पण रजिस्टरात बागवान नाही. मग महसुली कागद शोधा, जन्ममृत्यूच्या नोंदी शोधा, मोडी वाचणारा शोधा, पडताळणी समितीपुढे उभे राहा. वर केंद्राच्या फेलोशिपसाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर. मुलगा हे सगळं गोळा करेपर्यंत अर्जाची मुदत उलटून गेलेली असते. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने समिती नेमली, दप्तरं उघडली, मोडी वाचक बसवले. चांगलं केलं. तीच यंत्रणा, तीच दप्तरं, तेच मोडी वाचक मुस्लिम ओबीसींच्या नोंदींसाठी का बसू शकत नाहीत?

राज्याचा विषय निघालाच आहे तर तोही पूर्ण करू. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी बार्टी, आदिवासींसाठी टीआरटीआय, मराठा समाजासाठी २०१८पासून सारथी, ओबीसी-भटक्यांसाठी २०१९पासून महाज्योती, आणि खुल्या प्रवर्गातल्या ज्या जातींना कुठलीच योजना नव्हती त्यांच्यासाठी अमृत अशा संस्था झाल्या. या सगळ्या संस्था हव्याच आहेत, आणि त्यांच्यातली एकही दुसऱ्याची हक्काची भाकरी खात नाही. अल्पसंख्याकांच्या संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेला, म्हणजे मार्टीला, मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती ऑगस्ट २०२४मध्ये. डॉ. महमूदुर रहमान समितीने राज्यातल्या मुसलमानांची स्थिती सांगणारा अहवाल २०१३मध्येच दिला होता. मधल्या दशकात एक पिढी एम.ए. होऊन गेली.

डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या अधिवेशनात कोल्हापूरचे आमदार सतेज पाटील यांनी सारथीच्या फेलोशिप २०० वर का आणल्या, असं विचारलं. तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार विधान परिषदेत म्हणाले, पीएच.डी. करून काय दिवे लावणार? नंतर त्यांनी खुलासाही केला. पण तो प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. तो सत्तेवर बसलेल्या सगळ्यांच्या मनात असतो. त्यांनी तो फक्त बोलून दाखवला. त्या दिवशी तो मराठा मुलांना विचारला गेला होता. आमच्याबाबतीत तो विचारायचीही गरज पडली नाही.

या प्रश्नाचं उत्तर साताऱ्यात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव नावाच्या एका मुलाचं नाव दाखल झालं. तो दिवस आता राज्य सरकारच विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. त्याच मुलाला १९१३मध्ये सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि तो कोलंबिया विद्यापीठात गेला. बडोद्याच्या दरबारात त्या वेळी कुणी ‘पीएच.डी. करून काय दिवे लावणार’ म्हणून अर्ज बाजूला ठेवला असता, तर देशाचं काय झालं असतं याचा विचार विद्यार्थी दिवसाला हार घालणाऱ्या प्रत्येक मंत्र्याने करावा.

आणि हा आमचा भाग काही शिक्षणाला दान देण्यात मागे नव्हता. १९०६ साली कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी झाली तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. मुसलमानांत पुढारी नाही तर मी होतो, अशी ती भूमिका. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. त्यात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी पोरं एका पंगतीत जेवायची. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९२७मध्ये गांधीजी ते बोर्डिंग पाहून गेले. ज्या मातीत एका बाईने सोनं मोडून परक्या पोरांना जेवू घातलं, त्या मातीतल्या पोरांना आज सरकार ‘ओव्हरलॅप’ शिकवतं.

इथपर्यंत वाचून खूश झालेल्या माझ्या मुस्लिम वाचकांना आता मला काही विचारायचं आहे. सरकारने योजना बंद केली. आपण काय केलं? केंद्रीय विद्यापीठांतले विद्यार्थी दिल्लीच्या रस्त्यावर आले, लाठ्या खाल्ल्या. सातारा-सांगलीतल्या किती जमातींनी त्या महिन्यात जुम्म्यानंतर या विषयावर पाच मिनिटं बोलणं केलं? माझ्या कानावर तरी एकही आलं नाही. आपले स्थानिक पुढारी आमदाराकडे जातात तेव्हा मागणीपत्रात काय असतं? कब्रस्तानाची कंपाउंड वॉल, शादीखाना, ईदगाहला पेव्हर ब्लॉक. मेलेल्यांची भिंत आधी, जिवंत पोरांची फेलोशिप नंतरही नाही. आमदारही खूश, कारण भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लागते. फेलोशिपवर पाटी लावता येत नाही.

जकातीचं घ्या. अडीच टक्के काढायचे, हे फर्ज आहे, आणि आपल्याकडे ते इमानदारीने निघतात. रमजानमध्ये रेशनच्या पिशव्या वाटल्या जातात, बाहेरगावच्या मदरशांचे सफीर पावतीपुस्तकं घेऊन येतात. गरिबाच्या घरी चूल पेटते, त्याला माझा विरोध असायचं कारण नाही. पण कुरआनने जकातीचे जे आठ हकदार सांगितले त्यात गरीब आहे, मिस्कीन आहे, कर्जात बुडालेला आहे. तीन वर्षं फी थकलेला, हॉस्टेलचं देणं असलेला पीएच.डी.चा पोरगा यातला कुठला नाही? पण तो पँट-शर्ट घालतो, इंग्रजी पुस्तक हातात घेतो, म्हणून तो आपल्याला गरीब दिसत नाही. ‘इक्रा’ या शब्दावर तासभर तकरीर करणारा समाज वाचणाऱ्या पोराच्या जेवणाचा हिशेब करत नाही, हे मला लाजिरवाणं वाटतं.

शेजारी बघा. १८९९ साली दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली. तिने बोर्डिंगं काढली, शिष्यवृत्तीचे फंड उभे केले. भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले होते. मौलाना आझाद फेलोशिप जैन मुलांचीही गेली. पण त्यांच्या पाठीशी समाजाच्या शंभर वर्षांच्या फंडाची भिंत आहे. आपल्या पाठीशी कब्रस्तानाची आहे.

काही जण म्हणतील, पीएच.डी.चं एवढं काय? पोरांना आयटीआय करू द्या, नर्सिंग करू द्या, पोट भरेल. पोट भरलंच पाहिजे. पण ज्या समाजात संशोधक नसतो त्याच्याबद्दल दुसरेच लिहितात, आणि मग त्याला दुसऱ्याने लिहिलेलं निमूट ऐकावं लागतं. फातिमा शेखचं उदाहरण ताजं आहे. साताऱ्याच्या नायगावातून सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात तिचं नाव आहे. तरी २०२५च्या जानेवारीत ती काल्पनिकच आहे, असा दावा समाजमाध्यमांवर झाला आणि आपण चिडून पोस्टी लिहीत बसलो. चिडून काय होणार? एकोणिसाव्या शतकातली मोडी, उर्दू आणि फारसी कागदपत्रं चाळून तिच्याबद्दल आणखी चार ओळी शोधणारी एक मुलगी आपण पाच वर्षं पोसली असती, तर ते जास्त कामाचं होतं.

डॉ. यू. म. पठाण यांनी आयुष्यभर महानुभाव आणि संतसाहित्याचा अभ्यास केला. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्यामागे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारखे अभ्यासक होते. त्या माणसांमुळे ‘मुसलमानांची भाषा कुठली’ या प्रश्नाला आम्हाला तोंड वर करून उत्तर देता आलं. मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले, इथले शिकलगार पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तंबोरा घडवतात. भोपळा कुठून येतो, जवारी कशी काढतात, हे आमच्या घराघरांत आहे. त्यावर शास्त्रशुद्ध प्रबंध लिहायचा तर तो त्या गल्लीत वाढलेल्या पोराने का लिहू नये? त्याला फेलोशिप नाही म्हणून तो पुण्याच्या कंपनीत डेटा एंट्री करतो.

मला काय हवं आहे ते स्पष्ट सांगतो. केंद्राने ही फेलोशिप पुन्हा सुरू करावी. ‘ओव्हरलॅप’चा दावा खरा असेल तर बंद झाल्यानंतर किती अल्पसंख्याक संशोधकांना इतर योजनांतून फेलोशिप मिळाली, हा आकडा वर्षनिहाय जाहीर करावा. राज्याने मार्टीतून पीएच.डी. फेलोशिप बार्टी-सारथीच्या बरोबरीने द्यावी, आणि दरवर्षी तिची जाहिरात ठरलेल्या महिन्यात काढावी. १९६७पूर्वीच्या नोंदी मुस्लिम ओबीसींसाठीही शोधाव्यात. सातारा आणि सांगलीच्या खासदार-आमदारांनी हे प्रश्न सभागृहात विचारावेत. आमची मतं मोजता येतात, तर आमचे पीएच.डी.ही मोजा.

आणि जमातींना एकच मागणी. प्रत्येक तालुक्याच्या जमातीने यंदाच्या जकातीतून एका संशोधकाचा वर्षाचा खर्च उचलावा. महिना दहा हजार धरले तर वर्षाला एक लाख वीस हजार. साताऱ्यात अकरा तालुके आहेत, सांगलीत दहा. एकवीस पोरं उभी राहतील. एका लग्नाच्या वलिम्याला याहून जास्त खर्च होतो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

मुलांनो, तुम्हाला सांगायचं ते असं. दाखल्याचं काम एम.ए.च्या पहिल्या वर्षातच सुरू करा, नेटच्या निकालाची वाट पाहू नका. ओबीसीत येत असाल तर राज्याचा आणि केंद्राचा असे दोन्ही दाखले आणि चालू वर्षाचं नॉन-क्रिमिलेअर काढून ठेवा. महाज्योती आणि ओबीसींची राष्ट्रीय फेलोशिप दोन्हीकडे त्यामुळे दार उघडं राहतं. ओबीसीत येत नसाल आणि उत्पन्न कमी असेल तर आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढा. घरात एकुलती एक मुलगी असाल तर यूजीसीची सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिप तुमच्यासाठी आहे. समाजशास्त्र, अर्थशास्त्र असे विषय असतील तर आयसीएसएसआरची, इतिहास असेल तर आयसीएचआरची जाहिरात पाहत राहा. त्यांना धर्म विचारायचा नसतो, प्रस्ताव वाचायचा असतो. तो नीट लिहा, मार्गदर्शकाला दाखवा, पुन्हा लिहा. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

सरकारशी भांडण मोठं आहे आणि ते लांबणार आहे. पण एकवीस पोरांचा खर्च उचलायला संसदेचा ठराव लागत नाही. रमजानच्या आधी जमातीची बैठक होते तेव्हा विषयपत्रिकेवर हा विषय घाला. कुणी ‘आधी भिंत’ म्हणालं तर त्याला विचारा, की भिंतीच्या अलीकडच्यांचं काय करायचं.